वेब्ली मार्क-१ हवाई पिस्तूल: पुन्हा ब्लूइंग करावे की आहे तसेच ठेवावे?

कोव्हेंट्रीवासी:
नमस्कार. मी गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे गेल्या महिन्यात निधन झाले आणि त्यांच्या पत्नीने, मला जुन्या यंत्रांची आवड आहे हे ठाऊक असल्याने, त्यांचे वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे हवाई पिस्तूल मला दिले. ते मार्क-१ आहे, नळीचा व्यास .२२ इंच म्हणजे ५.५ मिलिमीटर आहे आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या आहेत. सिलिंडरच्या बाजूला वेगवेगळ्या देशांतील पेटंटचे उल्लेख कोरलेले आहेत. मूळ पुठ्ठ्याची पेटीही आहे, मात्र तिचा एक कोपरा फाटला आहे. पोलादावरचा निळसर काळा मुलामा नळीच्या टोकाशी आणि मुठीच्या मागच्या कडेला पुष्कळ उडाला असून तेथे तपकिरी डाग पडले आहेत.

माझा एक मित्र यंत्रशाळा चालवतो. तो म्हणतो की आठवड्याभरात पॉलिश करून, पुन्हा ब्लूइंग करून, म्हणजे हा निळसर काळा मुलामा नव्याने चढवून, तो हे पिस्तूल नव्यासारखे करून देईल. तसे करावे का? दुसरा प्रश्न असा, की पुढच्या वर्षी मी सांगलीला कायमचा परतणार आहे. हे पिस्तूल सोबत आणता येईल का?

जुनी_यंत्रे:
आपल्या मित्राला कृपया आजच नकार कळवावा. हे मी कळकळीने लिहीत आहे, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. माझ्याकडे १९३० च्या दशकातील वेब्ली सीनियर हे याच कंपनीचे दुसरे हवाई पिस्तूल होते. एका कारखान्यात ते ब्लूइंगसाठी दिले आणि परत आले तेव्हा ते आरशासारखे चकाकत होते. पण घासण्याच्या चाकाने कडा गोलसर झाल्या होत्या, कोरीव अक्षरांच्या रेषा उथळ झाल्या होत्या आणि पेटंटची ओळ भिंगाशिवाय वाचता येत नव्हती. मुलामा पुन्हा चढवता येतो, घासून गेलेले पोलाद मात्र परत येत नाही. संग्राहक पिस्तूल हाती घेतल्यावर सर्वांत आधी अक्षरांच्या कडा पाहतो.

आपले पिस्तूल महत्त्वाचे का, तेही सांगतो. मार्क-१ हे १९२४ साली बर्मिंगहॅममध्ये बनू लागले आणि १९६४ पर्यंत बनत राहिले, त्यामुळे मार्क-१ म्हणजे दुर्मीळ असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु लाकडी मूठ ही सुरुवातीच्या काळाची खूण आहे. नंतर तेथे व्हल्कनाइट या काळ्या कडक रबराच्या पट्ट्या आल्या. लाकडी पट्ट्या मूळच्याच असतील आणि पेटीही त्याच काळातील असेल, तर फाटलेल्या कोपऱ्यासकट ती पेटी जपावी. तो कोपरा नव्या चिकटपट्टीने जोडू नये.

या पिस्तुलाची रचना मला आजही विलक्षण वाटते. नळी सिलिंडरच्या वर असून तिची बिजागरी पुढच्या टोकाला आहे. मागचा खटका सोडवून नळी वर उचलून पुढे वळवली की दट्ट्या पुढे ओढला जातो आणि स्प्रिंग दबते. चाप ओढल्यावर दट्ट्या नेमबाजाच्या दिशेने, म्हणजे मागे धावतो. दाबलेली हवा मागच्या बाजूने वर वळते आणि नळीत शिरून छर्रा पुढे लोटते. सिलिंडर व नळी एकमेकांवर रचल्यामुळे लहानशा पिस्तुलात लांब नळी बसते. डग्लस जॉनस्टोन आणि जॉन फर्न यांच्या या कल्पनेवर कंपनीने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ आपली हवाई पिस्तुले बनवली.

तपकिरी डागांवर हलके तेल लावून एक दिवस तसेच राहू द्यावे व मऊ सुती कापडाने पुसावे. सॅंडपेपर किंवा लोखंडी किस वापरू नये. हवेच्या छिद्रात फवाऱ्याचे तेल कदापि मारू नये; दाबाखाली त्याचा भडका उडतो आणि स्प्रिंगला इजा होते. छर्रा न भरता चापही ओढू नये.

नेमबाज_सांगली:
भारतात आणण्याविषयी लिहितो. शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त आहे किंवा ज्याच्या नळीचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, त्याला परवाना लागतो. आपल्या पिस्तुलाची ऊर्जा जेमतेम काही ज्यूल भरेल, परंतु नळी ५.५ मिलिमीटरची असल्याने केवळ त्या एका निकषावर ते परवान्याच्या कक्षेत जाते. जुने आहे, शोभेचे आहे, एवढ्याने सुटका होत नाही. परवाना आणि आयातीची लेखी परवानगी हाती असल्याशिवाय ते सामानात ठेवू नये. विमानतळावर जप्त झालेली वस्तू परत मिळवण्यात वर्षे जातात, आणि तोवर तिला तेल लावायला कोणी नसते.

बर्मिंगहॅमकर:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. तिकडचे नियमही लक्षात ठेवावेत: इंग्लंडमध्ये सहा फूट-पौंड (सुमारे आठ ज्यूल) ऊर्जेपर्यंतचे हवाई पिस्तूल प्रौढ व्यक्तीला प्रमाणपत्राशिवाय बाळगता येते, परंतु स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यामुळे ते स्कॉटलंडमधील संग्राहकाकडे सोपवायचे झाल्यास आधी त्याची कागदपत्रे पाहावीत.

किमतीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शॉन कॉनरी यांच्या जेम्स बाँडच्या प्रसिद्ध छायाचित्रात जे पिस्तूल दिसते, ते प्रत्यक्षात वाल्थर एलपी ५३ हे हवाई पिस्तूल आहे आणि ते छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांचे स्वतःचे होते. २०१० साली क्रिस्टीजच्या लिलावात ते २,७७,२५० पौंडांना गेले. त्याच बनावटीची इतर पिस्तुले काही शे पौंडांत मिळतात. म्हणून शेजारच्या काकूंना शक्य तितके विचारून घ्यावे: त्यांच्या यजमानांनी ते केव्हा आणि कोठून घेतले, पावती वा जुने छायाचित्र आहे का. आपल्या पिस्तुलाची किंमत लाखांत जाणार नाही, पण ही माहिती पेटीत त्याच्याबरोबर राहायला हवी.

आपल्याला पुढे संग्रह वाढवायचा असेल तर बर्मिंगहॅमच्या छोट्या कारखान्यांकडे पाहावे. ए. ए. ब्राउन अँड सन्स यांचे अबास मेजर हे हवाई पिस्तूल मला सर्वांत प्रिय आहे. त्यात चापाभोवतीची कडीच स्प्रिंग दाबण्याचा दांडा होते. ॲकल्स अँड शेल्व्होक यांचे वॉरियर बाजूच्या दांड्याने भरले जाते. वेब्लीच्या तुलनेत ही दोन्ही फार कमी पाहायला मिळतात.

कोव्हेंट्रीवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्राला नकार कळवला आहे. काल काकूंकडे गेलो होतो. ते पिस्तूल मुळात त्यांच्या सासऱ्यांचे आणि ते बर्मिंगहॅमलाच नोकरीला होते, असे त्यांनी सांगितले. पावती सापडली नाही, मात्र परसात हेच पिस्तूल हातात धरून उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांचे लहानपणीचे छायाचित्र मिळाले. त्यातही मुठीवर लाकडी पट्ट्याच दिसतात. छायाचित्राची प्रत काढून मूळ त्यांना परत केले आणि प्रत पेटीत ठेवली. सांगलीला परतण्यापूर्वी पिस्तूल त्यांच्या नातवाकडे द्यावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. तो आता वीस वर्षांचा आहे आणि लेस्टरला राहतो.