सुवानीची सहल: तारीख आधी नको, पाणी बघूया

नमस्कार मंडळी,
मार्चच्या दुसऱ्या शनिवारपासून चार दिवस फ्लोरिडातल्या सुवानी नदीवर कनू घेऊन जायचं आठ घरांनी ठरवलंय. व्हाइट स्प्रिंग्सला होड्या पाण्यात घालायच्या, सुवानी रिव्हर स्टेट पार्कला बाहेर काढायच्या. पहिली रात्र वुड्स फेरीच्या कॅम्पवर, तिसरी होल्टन क्रीकला, मधली वाळूच्या पट्ट्यावर. कुणी गेलं असेल तर सांगा, काय राहतंय?

——

दादा, टप्पा छान निवडलात. बिग शोल्सचा खळाळ व्हाइट स्प्रिंग्सच्या वरच राहतो, त्यामुळे मुलांना सांभाळत होड्या उचलून न्यायची वेळ येणार नाही. पण तारीख एवढ्यात पक्की करू नका, हात जोडून सांगते. वर ओकेफेनोकीच्या दलदलीकडे जोराचा पाऊस झाला की सुवानी चढते आणि वाळूचे पट्टेच पाण्याखाली जातात. आमचं तसंच झालं. संध्याकाळी पाचपासून वळणामागून वळण गेलं, पट्टा एकही दिसेना. शेवटी अंधारात झाडांची मुळं धरून काठ चढलो, धाकटी रडून रडून दमली होती. व्हाइट स्प्रिंग्सच्या पाणीपातळीचा आकडा रोज ऑनलाइन मिळतो. आठवडाभर आधीपासून बघा. चढता असेल तर सरळ पुढे ढकला. पाणी फार उतरलं तर चुनखडीचे खडक वर येऊन होडी घासते, पण ते परवडलं.

पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल. ती घाण नव्हे, कुजलेल्या पाल्यातलं टॅनिन आहे. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं आधी तांबूस होतात, मग दिसेनाशीच होतात. ओंडकाही असाच लपतो. म्हणून पुढे बसणाऱ्यानं पाण्यावरची सुरकुती बघत राहायचं. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर सोबतच न्या. अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणाऱ्या यूव्ही पेनवर विसंबू नका, रंगीत पाण्यात त्याचे किरण पुरेसे पोचत नाहीत.

आणि सुवानी स्प्रिंग्सला नक्की थांबा. जुन्या दगडी भिंतीआड गंधकाचा वास येणारा झरा आहे. नदी चढलेली असली तर तोही काळवंडतो, तेव्हा पुन्हा तेच: आकडा बघा.

——

ताई, वाळूवरच्या रात्रीचा हा विचार आमच्या डोक्यातच आला नव्हता. मार्चअखेरचे चार दिवसही हाताशी ठेवतो, आणि दोन्ही वेळी कॅम्पवर जागा मिळते का ते आजच बघतो. यूव्ही पेन घेतलेल्यांनी कृपया पाण्याचे कॅनही घ्यावेत. पातळीचा आकडा रोज सकाळी इथेच टाकत जाईन.