मोळीवाल्या बाईने सह्याद्री बोडका केला?

पडवीकर

काल एका निसर्गप्रेमी गटात फोटो आला. देवरुखच्या अलीकडचा रस्ता, साठीची बाई, डोक्यावर फाट्यांची मोळी, पायात रबरी चप्पल. खाली ओळ अशी: ‘घरोघरी गॅस दिला तरी यांचा कोयता थांबत नाही. सह्याद्री यांनीच बोडका केला.’ त्यावर बदामांचा पाऊस. मला रात्रभर झोप लागली नाही. तिथे खाली लिहिलं तर वाहून जाईल, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मोळी कशी होते ते आधी सांगतो. शिमगा झाला की वाडीतल्या बायका पहाटे निघतात. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पोटात फक्त चहा. वाऱ्याने पडलेली ऐनाची फांदी, वाळलेली करवंदीची जाळी, वणव्यात होरपळलेला कुडा, हे गोळा करायचं. बांधायला दोर नेत नाहीत. केवणीची काठी तोडायची, तिची साल ओढून काढायची, पिळायची, तोच बंध. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. मोळी एकटीला उचलत नाही, म्हणून एकमेकींना हात देतात. शेवटची राहते तिला हात द्यायला कोणी उरत नाही. ती मोळी दरडीला उभी टेकवते, खाली बसून डोकं घालते आणि गुडघ्यावर हात रेटून उठते. आमच्यात शेवटची नेहमी माझी आई असायची, कारण ती उंच. तिचे गुडघे आज कशाने गेलेत ते डॉक्टरला सांगावं लागलं नाही.

ओलं लाकूड मोळीवाली घेत नाही. ओलं जड लागतं आणि चुलीत घातलं की नुसता धूर. आता हिशोब करा. मोळी २५ किलोची धरा. रात्री आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणाऱ्या लाकडाच्या एका मोठ्या ट्रकात १५ टन माल धरा. म्हणजे एका ट्रकात ६०० मोळ्या. एका आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीला, साठ मोळ्या आणणाऱ्या बाईला तो एक ट्रक भरायला दहा वर्षं लागतील. आमच्या फाट्यावर मी एका रात्री चार ट्रक मोजलेत. फोटो त्यांचा काढा.

रानवाटा

तो फोटो मी टाकलेला नाही, ओळही मला पटलेली नाही. पण तुमचं ‘ओलं घेत नाही’ हे अर्धसत्य आहे. मी पंधरा वर्षं संगमेश्वर, लांजा भागात पक्षी बघत फिरतोय. जिवंत झाडाची साल कंबरभर उंचीवर गोल सोलून ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. यंदा सोलायची, पुढच्या वर्षी झाड वाळतं, मग ते ‘वाळकं’ म्हणून तोडायचं. हे ट्रकवाला करत नाही. त्याला वर्षभर थांबायला वेळ नसतो.

शिवाय वाळलेलं झाड म्हणजे फुकट पडलेलं जळण नव्हे. धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला भरवतो. मी ज्या बेहड्यावर सलग चार वर्षं घरटं पाहिलं, तो पाचव्या वर्षी तिथे नव्हता. बुंध्याशी ढलप्या पडल्या होत्या. त्या कोणाच्या चुलीत गेल्या ते मला माहीत आहे. त्या घरी मी चहा प्यायलोय.

सातबारा

तुम्ही दोघं मोळी नि पक्षी करत बसलात. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला कोणी विचारणार की नाही? कोकणातलं बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. मी माझं साडेचार एकर तोडीला दिलंय आणि ते लपवत नाही. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. बँकेत गेलो तर डोंगराच्या जमिनीवर कर्ज नाही. व्यापारी दुसऱ्या दिवशी दारात रोख घेऊन उभा.

आणि बोडका बोडका काय लावलंय? ऐन, किंजळ जमिनीलगत साफ तोडला की पावसात बुंध्याला धुमारे फुटतात. त्यातले दोन-तीन राखले की पंधरा वर्षांत पुन्हा रान. माझ्या आजोबांनी तोडलं, वडिलांनी तोडलं, मी तोडलं. तिन्ही वेळा बुंधे तेच. १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, त्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ अशी सोळा झाडं परवानगीशिवाय तोडायची नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने हजार रुपयांचा दंड ५० हजार करायचं ठरवलं. ठीक. पण झाड राखलं म्हणून मला वर्षाला शंभर रुपये द्यायचं कोणी ठरवलं का?

रानवाटा

धुमाऱ्यांचं मान्य. शंभर टक्के मान्य. पण आजोबांनी कुऱ्हाडीने तोडलं होतं. आता तोड झाली की आठ दिवसांत जेसीबी येतो आणि बुंधा मुळासकट उपटतो, काजू लावायला. बुंधाच नाही तर धुमारा कशाला फुटेल? सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तोडीला बंदी घातली. त्या बाजूचे डोंगर बघून या, रबर आणि अननस किती दिसतो तो.

सातबारा

माझ्याकडे जेसीबी लावलेला नाही. बुंधे जाग्यावर आहेत, येऊन बघा. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. हो, शेजारच्या डोंगराला लावलाय आणि गेल्या पावसात त्याची माती माझ्या वाफ्यात आली. एवढं तुमचं बरोबर.

घाटमाथा

कोल्हापूरकडचा आहे. तुम्ही सगळे स्वयंपाकाच्या चुलीवर बोलताय, म्हणून राहवत नाही. आमच्या घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली. भाकरी गॅसवर, आमटी गॅसवर. तरी परड्यात जळणाची गंजी उभी आहेच. ते जातं कुठे? बंबात. पाच माणसांच्या आंघोळीला रोज सात-आठ किलो तरी लाकूड जातं. पाणी गरम ठेवायचं म्हणून दहापर्यंत बंब पेटता. ज्याला जळण वाचवायचंय त्याने न्हाणीघरापासून सुरुवात करावी.

काजूबोंड

काहीतरीच. आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत झावळ्या आणि नारळाची सोडणं जातात. त्याला झाड तोडावं लागत नाही.

घाटमाथा

तुमच्याकडे माड आहेत. आमच्याकडे काय, उसाची चिपाडं? ती गुऱ्हाळाच्या चुलवणात जातात.

माहेरवाशीण

बंबाचा विषय निघालाच आहे तर मी बोलणार. अठरा वर्षं सासरी पहाटे साडेचारला उठून पाणी तापवलंय. पावसाळ्यात लाकूड सादळलेलं, फुंकणीने फुंकून छाती भरून यायची. पहिली बादली सासऱ्यांची, दुसरी दिरांची, मग ह्यांची. आम्हा बायकांची पाळी येईपर्यंत पाणी कोमट. आणि फाटी आणायला कोण? आम्हीच. ज्यांच्या आंघोळीसाठी डोंगर तुडवला त्यांच्यापैकी एकाने कधी मोळीला हात लावला नाही. सासूबाईंना दम्याने गेलेलं पाहिलं. आयुष्यात विडी ओढली नव्हती त्यांनी. डॉक्टरने छातीचा फोटो बघून विचारलं, घरात चूल आहे का?

म्हणून पडवीकर, मोळीचं एवढं गोड वर्णन करू नका. केवणीचा बंध आणि चुंबळ वाचताना छान वाटतं. माझ्या मानेला अजून पट्टा आहे.

वाडीवरचा

आता पुरुषांच्या आंघोळीवर आलात! दिवसभर चिखलात लावणी केलेला माणूस गार पाण्याने आंघोळ करणार? माझ्या बापाचे सांधे धरलेत, त्याला कढत पाणी लागतं. शहरात गिझर चालतो तो तुम्हाला दिसत नाही. त्याचा कोळसा चंद्रपूरला जळतो, तिथलं जंगल जंगल नाही?

माहेरवाशीण

तुमच्या वडिलांना कढत पाणी जरूर द्या. ते तापवायला तुम्ही उठता की तुमची बायको, एवढंच सांगा.

वाडीवरचा

वैयक्तिक बोलायचं काम नाही.

माहेरवाशीण

माझं सगळं वैयक्तिकच आहे. मी लिहिलेली अठरा वर्षं माझीच आहेत.

काजूबोंड

सौर बंब का नाही बसवत कोणी?

घाटमाथा

बसवलाय. उन्हाळ्यात, जेव्हा गार पाणी हवं असतं, तेव्हा उकळतं पाणी देतो. जुलैत ढग हटत नाहीत तेव्हा पुन्हा बंबच. पण खरं सांगायचं तर आठ महिने जळण वाचलं. गंजी निम्मी झाली. वाडीवरचे दादा, बायकोला पहाटे उठावं लागत नाही हाही फायदा आहे, तो मी आधी लिहायला हवा होता.

वाडीवरचा

उद्यापासून पाणी मी तापवतो. बास? पण सौर बंबाचे पैसे कोण देणार ते कोणीच बोलत नाही.

मुंबईकर चाकरमानी

मुद्द्यावर येऊ. उज्ज्वला २०१६ ला आली. आता अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत. तरी चूल का? माझ्या गावच्या घरी दोन शेगड्यांचा गॅस चकाचक पुसून ठेवलाय आणि वहिनी चुलीवर रांधते. सवय आहे, दुसरं काय. इकडे २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत गॅस नाहीतर दुसरं स्वच्छ इंधन घ्यायला सांगितलं. शहराला नियम लागतो तर गावाला का नको?

पडवीकर

वहिनीला कधी विचारलंत का? गॅसची गाडी फाट्यापर्यंतच येते. आमची वाडी तिथून पाऊण तास चढ. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास, मोळीपेक्षा जड, आणि तीही बाईच्याच डोक्यावर. टाकी संपली आणि गणपतीत पाहुणे आले तर काय करायचं, म्हणून ती राखून ठेवते. चहा, लेकराचं दूध आणि पाहुणा, एवढ्याला गॅस. याला तुम्ही सवय म्हणता.

बेकरीवाल्याला पाव विकून पैसे मिळतात. चुलीवरची भाकरी घरातच खाल्ली जाते. दोघांना एक माप लावू नका.

मुंबईकर चाकरमानी

टाकी मीच मे महिन्यात एकदा वर नेली होती, दोन ठिकाणी बसलो. बरं, सवय हा शब्द मागे घेतो. नियमाचा मुद्दा मागे घेत नाही.

रानवाटा

पडवीकर, साल सोललेल्या झाडाबद्दल तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.

पडवीकर

लिहितो. काल रात्री आईला फोन करून विचारलं. ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, ‘होय, सोलायचो. जवळचं वाळकं संपलं की. लांब जायला पायात ताकद नसायची.’ मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या पहिल्या लिहिण्यात ‘ओलं घेत नाही’ हे जे ठासून लिहिलंय, ते पुरतं खरं नाही. ट्रकाचा हिशोब मात्र मी तसाच ठेवतो.

आणि माहेरवाशीण ताई, तुमचं मला लागलं. वर्णन मी मुलाच्या नजरेने केलं, मोळी डोक्यावर कधी घेतली नाही.

जवळचं वाळकं संपतं, यावर उपाय एकच हाताशी दिसतो. बांधावर गिरिपुष्प लावायचा, ग्लिरिसिडिया म्हणतात तो. काठी रोवली तरी जगतो, छाटला की पुन्हा फुटतो, पाला चिखलणीत भाताला जातो. दापोलीचं कृषी विद्यापीठ हे किती वर्षं सांगतंय. तीन वर्षांचा झाला की अंगठ्याएवढ्या-मनगटाएवढ्या फांद्या घराच्या मागेच मिळतात, डोंगर चढायचं काम नाही. आमच्या बांधावर सत्तर आहेत. आईचं निम्मं जळण आता त्याच्यावर निघतं.

सातबारा

गुरं खातात का तो?

पडवीकर

शेळी खाते. बैल सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण लागत नाही.

सातबारा

मग माझ्या खालच्या बांधाला पन्नास काठ्या लागतील. पैसे देतो.

पडवीकर

पैसे नकोत. मेअखेरीस छाटणार आहे, पहिल्या सरीच्या आधी घेऊन जा. जाडी मनगटाएवढी घ्या, लांबी कमरेइतकी, तिरका छाट द्या.

रानवाटा

मलाही दहा ठेवा, ज्या घरी चहा प्यायलो त्यांच्यासाठी. सोललेल्या झाडांचे फोटो मात्र मी टाकणार आहे. तुमच्या चार ट्रकांचे तुम्ही टाका, नंबरपाटीसकट.