बुटीबोरीचे 22 हजार की गावातली रोजी: हिशोब कसा धरायचा?

काळीमाती (सेलू, वर्धा)

सोयाबीन निघालं की बुटीबोरी, हिंगणा, नांदगाव पेठ इथल्या कारखान्यांसाठी पोरं गोळा करणारे गावोगाव फिरायला लागतात. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, महिना 22 हजार. माझं मत सरळ आहे. हातात ट्रेड (आयटीआयसारखं शिकलेलं कसब) नसेल तर ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून जाऊ नये.

तो 22 चा आकडा सोडवून पाहा. मूळ मजुरी 15 हजार आणि 26 हजेऱ्या धरा. रोज पडला 577, तास पडला 72. आठ तासांच्या वरच्या प्रत्येक तासाला कायद्यानं दुप्पट दर लागतो, म्हणजे 144. पण ड्युटी बारा तासांची लावतात आणि वरचे चार तास 72 नंच धरतात. महिन्याचे 104 जादा तास, त्यांचे साडेसात हजार. 15 आणि साडेसात, झाले साडेबावीस. दुप्पट दरानं हेच 30 हजारांच्या घरात जायला हवेत. 26 दिवसांत पोरगा 39 दिवसांचं काम करतो आणि आपण त्याला पगार चांगला आहे म्हणतो.

आठच तास केले तर? 15 हजारांतून पीएफ 1,800, ईएसआयसी (कामगार विमा) 113, व्यवसाय कर 200 गेला, हातात आले 12,887. चौघांच्या खोलीतला वाटा विजेसकट 1,500, दोन वेळची मेस 3,200, गावाकडच्या फेऱ्या आणि रिचार्ज 1,000, चहा-साबण 800. उरले 6,400 च्या आत. त्यात ऑर्डर कमी झाली की पहिला हेल्पर घरी. दोन महिने बसून काढले तर वर्षाचे 64 हजार. गावात 400 रोजीनं 150 दिवस काम केलं तरी 60 हजार होतात, खोलीभाडं नाही, आईबापाजवळ राहणं होतं. चार हजारांसाठी घर सोडायचं?

पराटी (घाटंजी, यवतमाळ)

भाऊ, हे 150 दिवस आणले कुठून? कोरडवाहू गावात आता पुरुषाच्या हाताला एवढे दिवस भेटत नाहीत. महिन्यावारी मोजा.

जूनमधी सरकी लावणं, खत देणं, 10-12 दिवस. जुलै-ऑगस्टमधी डवरणी अन् फवारणी. निंदणाचं तं कामच गेलं. एका एकराचं निंदण म्हणजे सात-आठ बायांचा दिवस होता. आता एक माणूस 15 लिटरचे दहा पंप तणनाशक मारते अन् दुपारच्या आत मोकळा होते. सोयाबीनची सोंगणी चार-पाच जणांचा दिवस खात होती, सपाट वावरात हार्वेस्टर तासाभरात एकर काढते. तिकडे गुलाबी बोंडअळीनं फरदड (हंगामानंतरही ठेवलेला कापूस) संपवली, पराटी म्हंजे कापसाचं झाड डिसेंबर-जानेवारीत उपटून फेकतात. पहिले मार्चलोक वेचणी चालत होती. ज्याच्या विहिरीले पाणी आहे त्याच्याकडे हरभरा-गहू, मंग पाडव्यापासून मिरगापर्यंत काहीच नाही.

सगळं धरून 100 दिवस झाले तरी लय. 400 नं 40 हजार. अन् तुमच्या हिशोबात अजून एक खोट आहे: बुटीबोरीच्या 64 हजारांतून पोराचं जेवण वजा करून टाकलं, गावातल्या पैशातून नाही केलं. घरचं खाणं का फुकट राह्यते? तेल, तिखट, किराणा महिन्याचा दीड-दोन हजार तरी त्याच्या वाट्याचा धरा. म्हंजे गावात उरते 20 हजार, तिकडे 64. हा फरक चार हजारांचा नाही.

पोरगा सालदार म्हणून राहीन म्हणाल, तं पाडव्याले साल ठरवणारे शेतकरीच कमी झाले. बैलजोडी गेली तिथं सालदारही गेला.

काळीमाती

जेवणाचा मुद्दा मान्य. पण 100 दिवस हा तुमच्या भागाचा आकडा झाला. सेलू-हिंगणघाटकडे ओलीत आहे, केळी आहे, भाजीपाला आहे. काटोल-वरुडला संत्र्याची तोडणी, खुरपणी, ओलीत, असं वर्षभर काम असतं. शिवाय उन्हाळ्यातल्या रिकाम्या दिवसांसाठीच तर रोजगार हमी आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रानंच ती सुरू केली, 1977 ला कायदा केला, केंद्राचा कायदा 2005 ला आला. त्याचे 100 दिवस धरले तर?

मोजमाप (दारव्हा)

धरता येत नाहीत. हे 100 दिवस माणसाला नाहीत, कुटुंबाला आहेत. घरात तीन कामकरी असतील तर माणशी 33. शंभराच्या वरचा खर्च महाराष्ट्र आपल्या कायद्याखाली करू शकतो, पण त्यासाठी आधी कामं सुरू असावी लागतात.

दर 2025-26 साठी 312 होता आणि लोकांना वाटतं हजेरी लागली की 312 मिळाले. मातीकामात तसं नसतं. गटानं किती घनमीटर माती काढली त्यावर पैसे बसतात. काळ्या मातीत खोदलेला मीटर आणि मुरुमात खोदलेला मीटर यांचे दर वेगळे. तांत्रिक सहायकानं मोजमापात मुरूम लिहिण्याऐवजी मऊ माती लिहिली तर दिवसभर राबून 200-220 च पडतात. म्हणून मोजणीच्या दिवशी गटातल्या दोघांनी टेपजवळ हजर राहावं आणि मातीचा प्रकार काय लिहिला ते तिथंच वाचून घ्यावं. नंतर भांडून बदल होत नाही.

काम मागायचं तेही तोंडी नाही. नमुना 4 भरायचा आणि तारीख टाकलेली पोच घ्यायची. 15 दिवसांत काम नाही मिळालं तर पहिले 30 दिवस मजुरीच्या चौथ्या हिश्शाइतका आणि पुढे निम्मा बेरोजगार भत्ता देय होतो. पोच नसेल तर ही मागणी कागदावर कधी आलेलीच नसते, आणि बहुतेक गावांत पोच देत नाहीत. खरी मेख तिथं आहे. त्यात जानेवारी 2024 पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच जाते. जॉबकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर पैसे अडकतात, आणि खातं दोन बँकांत असून जोडणी जुन्या बँकेकडे असेल, तर पैसे भलत्याच खात्यात जातात.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं याच्या जागी नवा कायदा केला. 100 चे 125 दिवस केले, पण मजुरीतला 40 टक्के भार राज्यावर टाकला आणि पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद केली. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत तशीही कोणी मागणी करत नाही. फेब्रुवारी ते मे कामं निघाली तरच उपयोग.

वेचणीवाली (मोर्शी)

सगळा धागा पोरांचाच चाललाय. गावातल्या घराला वर्षातले जास्त दिवस कोण कमावतं ते पाहा. वेचणी बाईची, निंदण जे उरलंय ते बाईचं, आणि रोजी पुरुषाच्या निम्म्याहून थोडी जास्त.

वेचणीचा दर किलोवर असतो. 10 रुपये किलो धरा. पहिल्या वेच्याला बोंडं भरलेली असतात, सरावाची बाई 40 किलो वेचते, 400 पडतात. तिसऱ्या वेच्याला त्याच वावरात 15-20 किलो निघत नाही, म्हणून तेव्हा दर 14-15 वर जातो. तरी दिवस तीनशेच्या आतच राहतो. सकाळी दवातला कापूस वजनाला जास्त भरतो म्हणून लवकर बोलावतात, मग तोच कापूस 12 टक्क्यांवर ओला लागला की खरेदी केंद्रावरून परत येतो आणि बोलणी मजुराला बसतात.

काळीमातीदादा म्हणतात घर सोडू नका. पण कपड्याच्या शिलाई युनिटमध्ये बाईला कागदावर पुरुषाइतकीच मजुरी असते. महिना 25 हजारांपर्यंत बाईला व्यवसाय करही लागत नाही, ते 200 रुपये वाचतात. नांदगाव पेठेत पीएम मित्र या कापड उद्योगाच्या पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 ला झाली. तिथं काम निघेल तेव्हा आमच्या गावातली बाई जाईल की नाही हे पगारावर नाही, बसवर ठरेल. 30-35 किलोमीटरच्या आत, सहाच्या पाळीला पोहोचवणारी आणि सुटल्यावर घरी आणणारी गाडी असेल तर ती जाईल. खोली करून राहायला सांगाल तर नाही जाणार, कारण सासूसासरे आणि शाळेतली लेकरं गावात आहेत. त्यामुळे "जावं की राहावं" हा प्रश्नच अर्ध्या गावाला लागू होत नाही. गाडी मागा.

आणि दर वेळी निघणारी ती गोष्ट, की लाडकी बहीणच्या महिन्याच्या 1,500 मुळे बाया वेचायला येत नाहीत. 1,500 म्हणजे चांगल्या वेचणीचे चार दिवस. चार दिवसांच्या पैशावर कोणी महिनाभर घरी बसत नाही. बाया दुसऱ्या गावाला जास्त दरानं ऑटोत बसून जातात, एवढंच.

पासबुक (हिंगणा)

काळीमाती, तुम्ही 1,800 पीएफ "गेला" असं लिहिलंत. तो जात नाही. तुमच्या 1,800 वर मालकाचे 1,800 पडतात. त्यातले 1,250 पेन्शनला आणि 550 तुमच्या खात्यात. म्हणजे महिन्याला 2,350 जमा, अकरा महिन्यांत व्याज सोडून 25,850. गावातल्या रोजीवर हे कोण देतं? मी पोरांना जा म्हणतो ते यासाठी.

मात्र हे पैसे बुडतात कुठं ते नीट समजून घ्या. दर नव्या ठेकेदाराकडे पीएफचं नवं खातं निघतं, पण यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच राहायला हवा. आधीचा सांगितला नाही की दोन यूएएन झाले आणि नोकरीचा काळ तुटला. पेन्शनला दहा वर्षं जुळवायची असतात, तुकड्यांत ती जुळत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी भरतीच्या फॉर्मवर जुना यूएएन लिहायचा. ठेकेदार सोडल्याची तारीख टाकत नाही ही दुसरी नेहमीची अडचण. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की पोर्टलवर ती तारीख स्वतःच टाकता येते, त्याच्या पाया पडायची गरज नाही. तिसरी, ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही, म्हणून काही जण मूळ मजुरी कमी दाखवून बाकी सगळं ओव्हरटाइममध्ये ढकलतात. पगारपत्रक मागा आणि मूळ मजुरीची ओळ वाचा. 22 च्या आकड्यापेक्षा ती ओळ महत्त्वाची.

ईएसआयसीचंही तसंच. आजारपणाच्या रजेत 70 टक्के मजुरी 91 दिवसांपर्यंत मिळते, पण सहा महिन्यांच्या भरणा काळात 78 दिवस भरलेले पाहिजेत. एप्रिल ते सप्टेंबर एक काळ, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. जो पोरगा वेचणीला दीड महिना आणि लग्नसराईला महिना गावी येतो त्याचे 78 काठावर राहतात. कामावर अपघात झाला तर मात्र ही अट नाही, पहिल्या दिवसापासून 90 टक्के. प्रेस मशीनवर बोट गेलं तर अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात वहीत झालीच पाहिजे. "घरी पडला" असं लिहून खाजगी दवाखान्यात नेतात, तिथं हक्क संपतो.

बेरारी (दिग्रस)

गावात राहून दहा शेळ्या केल्या तरी महिन्याला सात-आठ हजार सुटतात. बेरारी जात आपल्या हवेला टिकते. मग हेल्पर कशाला?

पराटी

दहा शेळ्यांवर सात-आठ हजार महिना नाही सुटत, भाऊ. गाभणकाळ 150 दिवसांचा, दोन वर्षांत तीन वेत, एका वेताले सरासरी दीडच्या आत करडं. वर्षाचे झाले 20. त्यातले तीन-चार पावसाळ्यात जातात. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) अन् आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या पहिले टोचली नाही तं निम्मेही जातात. उरले 16. पाच-सहा महिन्यांचं बोकड 4,500 नं धरा, 72 हजार. त्यातून चारा, औषध, बोकड्याचा खर्च अन् चारणाऱ्याची रोजी काढा. स्वतः चारलं तं तो तुमचा रोजचा दिवस गेला, मंग दुसरी मजुरी नाही. चराई होती तिथं कुंपण अन् प्लॉट पडले, बांधून खाऊ घातलं तं नफा जाते. शेळ्या घराले आधार आहेत, घरात म्हातारा माणूस चारायले असन तं लय चांगल्या. जवान पोराचं वर्षाचं काम नाही ते.

बांधावरून (दर्यापूर)

रेशनचा हिशोब कोणी केला नाही. प्राधान्य कार्डाला गावात वर्षाचं उत्पन्न 44 हजारांच्या आत लागतं, शहरात 59 हजार. पोराचे महिना 15 हजार म्हणजे 1 लाख 80 हजार. घराचं उत्पन्न म्हणून ते धरलं गेलं तर पाच माणसांचं महिन्याचं 25 किलो धान्य जाऊ शकतं. या भीतीनं कित्येक घरं पोराला पीएफ नसलेल्या, रोख पैसे देणाऱ्या ठेकेदाराकडे पाठवतात. दोन्हीकडून तोटा. 44 हजार म्हणजे महिन्याला 3,700 सुद्धा नाहीत. शंभर दिवस मजुरी करणारे नवरा-बायकोही खरं उत्पन्न लिहिलं तर त्याच्या बाहेर जातात. ही मर्यादा बदलायची मागणी ग्रामसभेतून जायला हवी.

पोरगा बाहेर असला तरी त्याची ई-केवायसी राहू देऊ नका. बुटीबोरीच्या रेशन दुकानातही अंगठा लावून ती होते. राहिली तर कार्डावरचं त्याचं नाव अडचणीत येतं.

काळीमाती

ट्रेड नसलेल्यानं जाऊ नये, या मतावर मी अजून आहे. दहावी झालेल्या पोराला वायरमन किंवा फिटरचा आयटीआय करायला दोन वर्षं लागतात, तीच दोन वर्षं हेल्परकीत गेली तर तो पुढेही हेल्परच राहतो. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6 हजार, आयटीआयला 8 हजार विद्यावेतन होतं, काळ संपल्यावर पोरं पुन्हा घरी आली, कारण हातात ट्रेडचं प्रमाणपत्र नव्हतं.

पण ज्या घराला दोन वर्षं थांबणं झेपत नाही त्यानं जायचंच असेल, तर गाडीत बसायच्या आधी चार गोष्टी विचाराव्या: मूळ मजुरी किती, ओव्हरटाइमचा दर एकेरी की दुहेरी, जुना यूएएन चालवणार का, आणि काम बंद पडलं तर खोलीभाडं कोणाचं. शेवटच्याचं उत्तर "तुमचं" असंच येणार, म्हणून महिनाभराचं भाडं आणि मेस मिळून पाच हजार बाजूला ठेवूनच निघावं. पासबुकभाऊ, पगारपत्रक न देणाऱ्या ठेकेदाराची तक्रार कुठं करायची आणि सोबत काय कागद लावायचे ते तुम्ही सविस्तर लिहाल का? इथली बरीच पोरं वेचणी संपली की निघणार आहेत.

पासबुक

लिहितो. तोवर एवढं करा: हजेरी कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो दर शनिवारी मोबाइलवर काढून घरच्यांना पाठवायला सांगा, आणि गेटपासवर ठेकेदाराचं नाव व मुख्य कंपनीचं नाव दोन्ही दिसतील असा एक फोटो पहिल्याच दिवशी. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, पण त्या कंपनीत काम केल्याचा पुरावा मजुराकडे लागतो. बहुतेक तक्रारी तिथंच अडतात.