चिठ्ठीतली चूक मुलांना दिसते, पण तोंड उघडत नाही. सिम्युलेशनमध्ये हे कसं शिकवायचं?

प्रॅक्टिकलवाल्या मॅडम

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात डी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला शिकवते. कम्युनिटी फार्मसीच्या प्रॅक्टिकलसाठी गेल्या वर्षी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खोटं मेडिकल थाटलं. एक टेबल म्हणजे काउंटर, मागे रिकाम्या स्ट्रिपा लावलेलं फडताळ, एक फोन. आमचे लॅब असिस्टंट गिऱ्हाईक होतात आणि मी काचेपलीकडच्या खोलीत बसून डॉक्टर होते. चिठ्ठ्या मीच लिहिते आणि त्यांत चुका पेरते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला त्याच गटातलं अमॉक्सिसिलिन, रक्तदाबाच्या क्लोनिडिनच्या जागी सारख्या नावाचं फिट्सचं क्लोनाझेपाम, इन्सुलिनच्या १० पुढचा युनिटचा ‘यू’ असा काढते की १०० वाचावं.

‘यात चुका आहेत, शोधा’ म्हटलं की मुलं पटापट शोधतात. अडतं पुढे. परवा एका मुलीच्या हातात मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली. संधिवात, साडेसात मिलिग्रॅम, पुढे १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, तीस दिवस. तिचा अंगठा १-०-० वर येऊन थांबला, मला काचेतून स्पष्ट दिसलं. तिने फोन लावला. मी मुद्दाम आवाज चढवला, ‘बाहेर पन्नास पेशंट बसलेत, लिहिलंय ते द्या.’ ती ‘सॉरी मॅडम’ म्हणाली, फोन ठेवला आणि तीस गोळ्या मोजून दिल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आत्याला हीच गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती. दुकानातल्या पाकिटावर ‘रोज सकाळी’ असं लिहून आलं. आठवडाभरात तिचं तोंड आलं, पाणीसुद्धा गिळवेना, पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या. दवाखान्यात फोलिनिक ॲसिड, म्हणजे या गोळीवरचा उतारा, देऊन डॉक्टरांनी तिला वाचवलं. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हा विचारायचं हे आहे की चूक दिसल्यावर रेटून विचारायला कसं शिकवायचं? आणि त्याला मार्क कशाचे द्यायचे?

रात्रपाळी फार्मासिस्ट, पुणे

मॅडम, मी बारा वर्षं हॉस्पिटल फार्मसीत आहे. पहिली गोष्ट, चुका आहेत हे आधी सांगू नका. वीस चिठ्ठ्या द्या, त्यातल्या सोळा बिनचूक ठेवा आणि मधेच फोन वाजवा, कुणीतरी ‘लवकर करा’ म्हणून घाई करू दे. आमच्याकडे गफलत होते ती अशाच गडबडीत. बिनचूक चिठ्ठीवर फोन करणाऱ्यालाही थांबवा, नाहीतर मुलांना सगळीकडेच चुका दिसायला लागतील आणि मग डॉक्टर त्यांचा फोनच घेणार नाहीत.

दुसरं, फोनवर काय बोलायचं ते शब्द हातात द्या. नवशिक्या पोराला ‘धीट हो’ सांगून काही होत नाही. मी इंटर्न्सकडून हे पाठ करून घेतो: ‘सर, मी फार्मसीतून बोलतोय. अमुक पेशंट, संधिवात, मेथोट्रेक्सेट साडेसात रोज लिहिलंय. ही आठवड्यातून एकदा देतात. फक्त सोमवारी असं लिहू का?’ यात पेशंट आला, चिठ्ठीत काय आहे ते आलं, शंका आली आणि तोडगाही आला. डॉक्टरला फक्त ‘हो’ म्हणायचं उरतं. तरीही ओरडले तर तिसऱ्या वेळी एवढंच म्हणायचं: ‘खात्री होईपर्यंत गोळी देता येणार नाही.’

आणि सगळं कागदावर ठेवू नका. एका ट्रेमध्ये १०० युनिट प्रति मिलिलीटरची इन्सुलिन कार्ट्रिज ठेवा आणि शेजारी लाल टोपणाची, म्हणजे ४० युनिट प्रति मिलिलीटरच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज. त्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिलिलीटर येतं, म्हणजे पेशंटच्या अंगात ५० युनिट जातात. अडीचपट! हे सांगून कळत नाही, हातात सिरिंज धरून रेघा मोजल्या की कळतं.

मेडिकलवाले काका

ताई, माझं तालुक्याच्या गावात सत्तावीस वर्षं मेडिकल आहे. तुमच्या खोट्या दुकानात चिठ्ठी न आणणारं गिऱ्हाईकही उभं करा. आमच्याकडे निम्मे लोक मोबाइलवरचा अंधुक फोटो दाखवतात, नाहीतर म्हणतात, ‘मागच्या वेळची तीच द्या.’

पॅरासिटामॉलचं एक उदाहरण घ्याच. दहा किलोचं बाळ, डोस दीडशे मिलिग्रॅम. पाच मिलीत १२५ वालं सिरप असेल तर सहा मिली. आजी घरी सिरप पाजत होती, ते संपलं म्हणून दुकानातून ड्रॉप्स नेले. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १००. तिने सवयीने सहा मिली पाजलं तर सहाशे गेलं. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, तरी बाळ धोक्यात. म्हणून मी बाटली हातातून सोडायच्या आधी विचारतो, ‘आजी, किती पाजणार? दाखवा बरं.’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसवा.

फार्म.डी. इंटर्न

मॅडम, त्या मुलीच्या जागी मीही एकदा होते. आमच्या सिम्युलेशननंतर सरांनी सगळ्यांसमोर ‘तू पेशंट मारलास’ म्हटलं होतं. त्यानंतर वर्षभर मी चर्चेत तोंड उघडलं नाही. कृपा करून आधी तिला एकटीला विचारा, ‘फोन ठेवताना मनात काय आलं?’ मग वर्गात चर्चा करा, आणि प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर चर्चेला वीस मिनिटं ठेवा. मार्क सापडलेल्या चुकांवर दिलेत की मुलं चुकांची शिकार करतात. विचारलेल्या प्रश्नाला मार्क द्या.

प्रॅक्टिकलवाल्या मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. इंटर्न ताई, तुमचं वाचून मी त्या मुलीला दुसऱ्याच दिवशी चहाला बोलावलं. ती म्हणाली, ‘मला वाटलं, माझंच वाचण्यात चुकलं असेल.’ मी तिला आत्याचं पाकीट दाखवलं. बराच वेळ ते हातात धरून बसली.

काल पुन्हा प्रॅक्टिकल झालं. वीस चिठ्ठ्या, सोळा बिनचूक, मधे फोन. मेथोट्रेक्सेट या वेळी दुसऱ्याच नावाच्या पेशंटला लिहिलं होतं. मी दोनदा खेकसले. तिचा आवाज कापत होता, पण फोन ठेवला नाही: ‘मॅडम, रोज की आठवड्यातून एकदा, एवढं सांगा. तोवर गोळ्या माझ्याकडेच राहतील.’ मग पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ लिहिलं आणि काकांनी सांगितलं तसं ‘मंगळवारी घ्यायची का?’ विचारून गिऱ्हाइकाकडून ‘नाही’ वदवून घेतलं. दोन मुलांनी मात्र बिनचूक चिठ्ठ्यांवरही फोन केले, त्यांच्याशी आज बोलणार आहे.

पुढच्या गुरुवारी इन्सुलिनचा ट्रे. लाल टोपणाच्या सिरिंज आणल्या. नारिंगी टोपणाची, १०० ची, शेजारी ठेवायला हवी, ती आमच्या गावात मिळाली नाही. सांगली-मिरजेत कुठल्या दुकानात मिळेल, कुणी सांगेल का?