लठ्ठपणा म्हणजे जास्त खाणं, बाकी सगळ्या सबबी?

रोखठोक
लठ्ठपणाचा विषय निघाला की थायरॉइड, अनुवंश, 'आमच्या घरात सगळेच जाड' ही उत्तरं ठरलेली. मला साधा हिशेब कळतो. शरीराला लागते त्याहून जास्त ऊर्जा पोटात गेली की उरलेली चरबी होऊन बसते. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. हवा खाऊन कोणी जाड होत नाही.

'मी काहीच खात नाही हो' म्हणणाऱ्यांचं खाणं अमेरिकेत एका अभ्यासात मोजलं होतं, १९९२ साली. डाएट करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेली ही माणसं सांगत होती त्याच्या जवळपास दुप्पट खात होती. चयापचय नॉर्मल निघाला. मुद्दाम खोटं बोलत असतील असं नाही, पण खात होती. मतं येऊ द्या.

चष्मिष
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. कॅनडातला १९९०चा प्रयोग बघा. एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्या घेतल्या. एकूण ८४ दिवस प्रत्येकाला रोज हजार कॅलरी जादा दिल्या. वजन सरासरी ८ किलोंनी वाढलं, पण कोणाचं ४ तर कोणाचं १३! आणि एका जोडीतल्या दोघांची वाढ बरीचशी सारखी. जादाचं खाणं तेवढंच, अंगाला लागलं वेगवेगळं. याला सबब म्हणायचं?

रोखठोक
४ वाढलं, १३ही वाढलं. घटलं कोणाचंच नाही. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभारी आहे.

डावभर
रोखठोक यांचं म्हणणं मला पटतं, पण सूर नाही. न दिसणारं खाणं खरंच असतं आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या पोटात ते सगळ्यात जास्त जातं. मीठ बघायला एक चमचा, मग मीठ वाढवलं म्हणून पुन्हा एक. मुलाने ताटात टाकलेलं फेकवत नाही. भांडं घासायला टाकण्याआधी तळाशी लागलेलं बोटाने निपटायचं. ताट वाढून घेईपर्यंत निम्मं जेवण झालेलं असतं आणि मग ताटात मोजकंच वाढायचं, लोकांना दिसतं तेवढं! तेल तर बाटलीतून डोळ्याच्या अंदाजाने पडतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि अंदाज कधी कमी पडत नाही.

हे कोणी हावरटपणाने करत नाही हो. म्हणून 'तोंडावर ताबा ठेवा' सांगून त्यातलं काहीही थांबत नाही.

रात्रपाळी
झोपेचं कोणीच बोललं नाही. झोप अपुरी झाली की भूक वाढते, तीही गोड-तेलकटाची. स्टिरॉइडची गोळी सुरू झालेल्या माणसाला विचारा भूक म्हणजे काय ते. ज्यांना जेवल्यावर पोट भरल्याचं कळतं त्यांनी इतरांना संयम शिकवणं फार सोपं असतं.

रोखठोक
@रात्रपाळी, गोळ्या घेणारे किती आणि बाकीचे किती? १९९०पासून जगात मोठ्या माणसांमधला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झालाय. एवढ्यात कोणाची जनुकं बदलली? खाणंच बदललं ना?

चष्मिष
बदललंच की! म्हणून तर दोष एकट्या खाणाऱ्यावर टाकू नका. २०१९मध्ये अमेरिकेतच २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, भरपूर प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू सारखेच. हवं तेवढं खा म्हणाले. प्रक्रिया केलेलं असताना रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त पोटात गेल्या आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास किलोभर वाढलं. घासही भराभर जात होते. माणसं तीच, मग संयम दर पंधरवड्याला बदलत होता का?

डावभर
अवांतर: भराभर खाण्याची सवय मात्र घरात बदलता येते. जेवताना हातातला फोन बाजूला ठेवला तरी फरक पडतो. पुढे चालू द्या.

रोखठोक
कारण काहीही असो, वजन उतरवायला कमीच खावं लागतं. ती नवी इंजेक्शनंसुद्धा, सेमाग्लुटाइड वगैरे, मुख्यतः भूक कमी करूनच वजन उतरवतात. जादू नाही ती.

चष्मिष
अहो तेच सांगतोय! औषधाने भूक उतरली की तीच 'बेशिस्त' माणसं कुरकुर न करता कमी जेवतात. आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सरासरी दोन तृतीयांश भाग परत येतो, हेही अभ्यासात दिसलंय.

रोखठोक
बंद केल्यावर खाल्लं कोणी?