टूथपेस्टपेक्षा रिठा बरा, पण पाचूला नाही

हिऱ्याची अंगठी टूथपेस्टने घासली की लखलखते, असं सांगतात. लखलखते खरी, आणि हिऱ्याला त्याने काही होतही नाही; ओरखडे पडतात ते सोन्यावर. मुळात हिऱ्याला पाण्यापेक्षा तुपातेलाचंच प्रेम जास्त. खाणीत खडी धुताना पूर्वी चरबी फासलेल्या फळीवर हिरे चिकटवून वेगळे काढत, ते याच गुणामुळे. म्हणून पोळ्या लाटणाऱ्या हातातली अंगठी आठवड्यात मंद होते. नागपूरच्या इतवारीतल्या कारागिराने भिंगातून माझी अंगठी उलटी करून दाखवली, तर कोंदणाच्या मागे कणकेचा पिवळट थर! वरून कितीही घासा, चमक येणार नाही. कोमट पाण्यात रिठा नाहीतर भांड्याचा साबण, पंधरा मिनिटं भिजवून लहान मुलांच्या ब्रशने मागची बाजू घासायची. आमच्याकडे बोअरचं पाणी, वाळलं की खड्यावर पांढरे डाग, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा.

मात्र हाच प्रयोग मी सासूबाईंच्या पाचूवर केला आणि पस्तावले. पाचूतल्या बारीक भेगा बहुतेक वेळा तेलाने भरलेल्या असतात. गरम साबणपाण्याने तेल निघालं आणि भेगा उघड्या पडल्या. तो नुसता ओल्या फडक्याने पुसायचा. मोत्यांना तर लिंबू, व्हिनेगर लावूच नका, झिजतात.