मदत हवी आहे: दादासाठी नाशिकरोडजवळ एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) संध्याकाळची मीटिंग

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परवा घरी आला. दारू सुटलीय, पण खरी परीक्षा आता आहे. संध्याकाळचे सात वाजले की तो चपला घालतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. काल तीनदा. मला बघवत नाही हो.

त्या वेळेला त्याला जायला हक्काची जागा हवी. नाशिकरोड, देवळाली किंवा उपनगर भागात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मराठीतून चालणारी मीटिंग कुठे, कोणत्या वारी असते? फी नसते, आडनाव विचारत नाहीत, हे त्याला सांगितलंय. तरी "ओळखीचं कुणी भेटलं तर?" यावर गाडी अडते. भेटला तर तोही त्याचसाठी आलेला असेल ना, पण हे माझ्या तोंडून पटत नाही.

पहिल्या दिवशी मी सोबत येऊ शकते का? ओपन मीटिंगला घरचे चालतात असं ऐकलंय, ती महिन्यातून कधी असते? वहिनीसाठी अल-ॲनॉनचा (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा) गट जवळपास असेल तर तेही कळवा, ती फार एकटी पडलीय.

कुणाचं नाव इथे लिहू नका, मला मेसेज करा. तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदा त्याच्याबरोबर चालत गेलं, तर फार उपकार होतील.